शिशाच्या पत्र्यावरचं नाव

क्निदोस
कार्नेयोस महिना, द्राक्षतोडणीचे दिवस

क्लेनोवन्सं यांस मेलिन्नाचा नमस्कार.

तुम्ही कोसमध्ये खुशाल असाल. इथे तुमच्या भाचीचे, आन्थिसचे, पुढचे दात पडले आहेत, त्यामुळे ती बोलते ते मला आणि थ्रासा दासीलाच कळतं. यंदा द्राक्षं उदंड, मद्याला कुंभ पुरत नाहीत, म्हणून आपली कुंभांची भट्टी विझतच नाही. हे सगळं चांगलंच. वाईट आहे ते तुमच्या भावाबद्दल, आणि ते तुम्हाला नाही तर कोणाला लिहू?

हे घरी जेवत नाहीत. भट्टीवर काम आहे म्हणतात. भट्टीवरून येणारा माणूस राखेने माखलेला आणि भुकेला येतो. हे येतात ते न्हाऊन, अंगाला तेल लावून. सातूची भाकरी आणि मासा समोर ठेवला की ताट आन्थिसकडे सरकवतात. परवा मी विचारलं, कुठे जेवलात? म्हणाले, भट्टीवरच. दाढीत तीळ अडकला होता, वन्सं. मधात घोळलेला. भट्टीवर तिळाच्या वड्या कोण वाटतं? तो तीळ मी माझ्या बोटांनी काढला.

तिचं नाव मीका. मिंडोसची आहे, नवरा खलाशी होता, तो बुडाला. लहान बंदराच्या मागे, जिथे पाणी साचून डास होतात, तिथे एका खोलीत माग मांडून बसते. मी पाणवठ्यावर मुद्दाम तिच्या मागे उभी राहिले. वाटलं होतं, डोळे दिपावेत अशी देखणी असेल. तसं काहीच नाही. माझ्याहून थोराड, दात पुढे, चालताना एक खांदा खाली. देखणी असती तर मला झोप तरी लागली असती. कारण कळलं असतं. आता नुसती पडून विचार करते की हिच्यात आहे काय.

अंगावर मात्र कोसचं तलम कापड होतं, केशरी काठाचं. असलं कापड माझ्याकडे एकच आहे, तुम्ही लग्नात दिलेलं. त्यानंतर माझ्या नणंदेच्या मागावरून माझ्यासाठी एक फडकंही उतरलं नाही, पण ते जाऊ दे.

आईमागे तुम्हीच यांना वाढवलंत. दोन शब्द लिहा. तुमचं ते ऐकतात. माझं नुसतं ऐकून घेतात.


कोस
द्राक्षतोडणी संपता संपता

मेलिन्नाला क्लेनोचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दामोनला लिहीन, पण लिहू काय? बायकोने दाढीतला तीळ पाहिला, तेव्हा आता सुधार, असं? पुरुष दोन घास बाहेर जेवला म्हणून घर बुडत नाही. माझ्या नवऱ्याने तर शेवटची वर्षं घरात फक्त आजारपण काढलं, जेवण सगळं बाहेर.

राग धरू नकोस, पण तुझंही थोडं सांगते. तुमच्या घरी आले होते तेव्हा मी पाहिलं आहे. दामोन बोलायला तोंड उघडतो आणि वाक्य तू पुरं करतेस. तो हसला की कशाला हसलात म्हणून विचारतेस. तो अंगणात जरा उभा राहिला तरी तू दारात. माणसाला कधीतरी स्वतःची सावली तरी एकट्याला मिळावी.

त्या बिचारीला विधवा होऊन दोन वर्षं झाली. तिला कोण विचारतं? चार दिवसांनी त्याचंच मन उडेल. आणि कोसचं कापड अलेक्झांड्रियापर्यंत जातं, केशरी काठ काही मी एकटीच विणत नाही.

एकच मनापासून सांगते. तुमच्याकडच्या बायका जरा काही झालं की शिशाच्या पत्र्यावर नाव कोरून देमेतरच्या देवळात ठोकतात, तसलं काही मनात आणू नकोस. धरणीची देवी आहे ती. तिच्या कानावर घातलेलं मागे घेता घेता माणसं झिजतात.


क्निदोस
बाद्रोमिओस महिना, नवं मद्य कुंभात

क्लेनोवन्सं यांस नमस्कार.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच पत्रा ठोकून झाला होता. आधी पोचलं असतं तरी ठोकलाच असता.

तुटलेले रांजण सांधायला शिसं घरात असतंच. त्याचा एक गोळा घेतला, यांच्याच हातोडीने पातळ केला आणि खिळ्याने लिहिलं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, पण देवी वाचते. लिहिलं ते असं: "देमेतरला आणि तिच्या कन्येला मेलिन्ना अर्पण करते मीका, जी माझ्या नवऱ्याला घरात घेते. तिला ताप भरो. जळत जळत ती देवळाच्या पायरीशी येवो आणि केलेलं सगळ्यांदेखत बोलो. तोवर देवी तिला न सोडो. जो तिला छप्पर देईल, जो तिच्या ताटातलं खाईल, त्यालाही तेच होवो."

शेवटची ओळ बाकीच्या बायका लिहीत नाहीत. उलट त्या लिहितात की मी चुकून तिच्यासोबत एका छपराखाली आले तरी मला दोष लागू नये. मला वाटलं, मी कशाला तिच्या छपराखाली जाते? ती ओळ मी दामोनसाठी लिहिली. हो, नावाने लिहिते आहे. हातात खिळा होता तेव्हाही नावच आलं मनात.

कड्याखालच्या भिंतीवर, देवीला वाहिलेल्या संगमरवरी डुकरांच्या रांगेच्या वर ठोकला. तिथे सगळ्या बायका दिवा लावायला येतात. दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाली मला मासे जरा जास्त देऊ लागली, तेव्हाच समजलं की गावाने वाचलं.

हे भट्टीवरून तरातरा आले. दारातच म्हणाले, "तो पत्रा काढ."

मी म्हटलं, "त्यावरचं नाव खोटं आहे का, एवढंच सांगा. खोटं असेल तर आत्ता जाते."

 आन्थिस बाहुली घेऊन मध्ये आली तेव्हा हे वळले आणि गेले. तेव्हापासून भट्टीच्या छपरात झोपतात. तिच्याकडे जातात की नाही ते कळत नाही, आणि कळत नाही हे जास्त छळतं.

तिला विधवा होऊन दोन वर्षं झाली हे मला तुमच्या पत्रातून कळलं. म्हणजे यांनी तुम्हाला तिच्याबद्दल लिहिलं होतं तर. बहिणीला लिहितात, बायकोला तोंडी सांगत नाहीत. असो. तुम्ही त्यांना समजावलं असेल अशी आशा धरते.


कोस
बाद्रोमिओस महिना

मेलिन्ना,

ही नाव आत्ता सुटते आहे म्हणून थोडकं लिहिते. पत्रा काढ. पुजारीणबाईंच्या हातापाया पड, डुकराचं पिल्लू दे, खर्च मी करते, पण काढ. सगळा काढवत नसेल तर निदान शेवटची ओळ खोडून टाक. छप्पर देणाऱ्याचा काय अपराध? घरी आलेल्याला पाठवून द्यावं अशी कोणत्या देवाची शिकवण आहे? नीट विचार कर. मला अन्न गोड लागत नाही.


क्निदोस
पेरणीचे दिवस, देवीच्या सणाआधी

क्लेनोवन्सं,

तुम्हाला आमच्यासाठी अन्न गोड लागत नाही हे वाचून माझे डोळे भरले. तुम्ही मनात नणंदपणा ठेवून वागता असं मला नेहमी वाटायचं, ते मी आज मागे घेते.

आन्थिसला ताप आहे.

एक दिवस येतो, एक दिवस उतरतो, मग आणखी चढून येतो. अंग भट्टीच्या विटेसारखं. वैद्य म्हणतो, लहान बंदराकडची हवा लागली. मी म्हटलं, माझी मुलगी तिकडे जातच नाही. तो थ्रासाकडे बघायला लागला आणि थ्रासा जमिनीकडे.

दर बाजाराच्या दिवशी हे आन्थिसला भट्टी दाखवायला म्हणून नेत. मला तर बरं वाटायचं, बापलेक कुठेतरी एकत्र जातात. ते मीकाकडे जात होते. माझी मुलगी तिच्या मागाखाली बसून लोकरीचे गुंडे करत होती आणि तिच्या ताटातल्या तिळाच्या वड्या खात होती. आणि घरी येऊन मला काही बोलली नाही. दात पडलेल्या तोंडाने मला सगळं सांगणारी मुलगी, तिने हे तेवढं सांगितलं नाही. म्हणजे सांगू नये हे तिला कळत होतं.

काल तापात पाणी मागितलं. मी पुदिना आणि मध घालून दिलं. एक घोट घेऊन म्हणाली, "असं नाही. मीका करते तसं."

नवऱ्याचं मी सहन करत होते, वन्सं. खरंच करत होते, आता कळतं. हे निराळं आहे. हे दाताखाली वाळू आल्यासारखं आहे, थुंकलं तरी जात नाही.

जो तिच्या ताटातलं खाईल. माझ्याच हाताने लिहिलं. मी धावत देवळात गेले. पुजारीणबाईंना म्हटलं, शेवटची ओळ खोडायची आहे. त्या म्हणाल्या, देवीला दिलेलं अर्धं परत घेता येत नाही, काढायचा तर सगळा काढ. मी पत्र्यापुढे उभी राहिले. खिळ्यावर हात ठेवला. आणि मला दिसलं की मी पत्रा काढते आहे आणि लहान बंदराच्या मागे ती सुटकेचा श्वास टाकते आहे, आणि हे तिथे बसून वडी खाताहेत.

मी परत आले. घरात मुलगी जळते आहे आणि मी परत आले. हे मी तुमच्याखेरीज कोणाला लिहू शकत नाही. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.


क्निदोस
सण संपला, समुद्र बंद व्हायच्या आधीची शेवटची नाव

क्लेनो यांस,

हे पत्र तुमच्या हातात देणारी बाई मीका आहे. वाचून होईपर्यंत तिला उभी ठेवू नका, तिला उभं राहवत नाही.

काय झालं ते क्रमाने सांगते. सणातल्या उपासाच्या दिवशी आम्ही सगळ्या बायका देवळाच्या अंगणात जमिनीवर बसलो होतो. आन्थिसजवळ थ्रासा होती आणि हेही होते. मुलीला ताप भरल्यापासून ते तिच्या उशाशीच आहेत, आमचं बोलणं नाही. दुपार कलली असेल, तेव्हा खालच्या पायऱ्यांवर कोणीतरी चढताना दिसलं. दोन पायऱ्या चढायची आणि बसायची. परकी बाई असल्यामुळे फाटकाच्या आत येता येईना, म्हणून उंबऱ्याशीच पडली. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मी इतके दिवस हेच मागत होते. पण मला वाटलं होतं की पाहून बरं वाटेल.

पुजारीणबाई उठून तिच्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "बोल."

ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. म्हणाली, मी मेलिन्नाच्या नवऱ्याला घरात घेतलं. त्याला बायको आहे हे मला ठाऊक होतं. मी कोणाचं काही चोरलं नाही असं स्वतःला सांगत होते, ते खोटं होतं. मग म्हणाली, पुरुषाचं एवढं काही नाही, पण मी तिची मुलगी मागाखाली बसवून घेतली. ती जायला निघाली की मी मुद्दाम आणखी एक वडी काढायची. ती झोपेत एकदा मला आई म्हणाली आणि मी तिला जागं केलं नाही. पाणवठ्यावर मेलिन्ना माझ्या मागे उभी असते तेव्हा तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, कारण मला तिचं सगळंच हवं होतं. माझ्या पोटात त्याचं मूल आहे. ते उन्हाळ्यात कोसला राहिलं, वैद्यदेवाच्या उत्सवात, त्याच्या बहिणीच्या घरी. बहिणीने आम्हाला आपली खोली दिली आणि मला केशरी काठाचं कापड नेसवलं.

वन्सं म्हणायची सवय आहे म्हणून लिहिताना पहिला शब्द तोच येतो. खोडते आहे. उन्हाळ्यात हे कुंभ विकायला गेलेत असं मला वाटलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी तुमची सगळी पत्रं मनात पुन्हा वाचत होते. छप्पर देणाऱ्याचा काय अपराध. मी ते वाचून रडले होते.

पुजारीणबाईंनी मला विचारलं, "पत्रा तुझा. देवीने तुझं ऐकलं. आता तुझं समाधान झालं का?"

मी उठले आणि पत्रा काढला. खिळा निघेना, नखं तुटली. बायकांनी माझं कौतुक केलं, कोणी म्हणालं, काय मन आहे हिचं. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. मला दया आली नाही. ती तिथे मेली असती तर दामोनने जन्मभर तिचा शोक केला असता. भट्टीवर बसला असता, ताट सरकवलं असतं, आणि मी विचारलं असतं तर म्हणाला असता, काही नाही. जिवंत बाईशी मला भांडता येतं. मेलेलीशी कसं भांडणार? मुलीचं कारण तर होतंच. पण ते आधीच्या वेळीही होतं, आणि तेव्हा मी परत आले होते.

आन्थिसच्या तापाच्या चार पाळ्या चुकल्या, आता आलेला नाही. पेज मागते. पत्र्यामुळे की वैद्याच्या काढ्यामुळे, ते देवीला माहीत. मीकाचाही उतरला आहे, पण अंगात काही राहिलेलं नाही.

तिला मी इथे ठेवणार नाही. माझ्या गावात, माझ्या पाणवठ्यावर, वाढत्या पोटाने तिला मी बघणार नाही. नावाड्याशी मीच ठरवलं. तुम्ही तिला उत्सवापुरतं छप्पर दिलंत, आता जन्मभर द्या. दामोनला मी सांगितलं की ती कोसला चालली आहे. त्याने विचारलं, "मी पोचवून येऊ?" मी म्हटलं, "जा. पण मग तिथेच राहा, आणि आन्थिसला काय सांगायचं ते तूच तिला सांगून जा." तो मुलीच्या उशाशी गेला आणि बसून राहिला. हे शेवटचं बंदरावर लिहिते आहे, नाव सुटायची आहे आणि सोडायला मी एकटीच आले आहे. तिला हात देऊन मीच चढवलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. तिचा हात माझ्यापेक्षा खरबरीत आहे.

उत्तर पाठवू नका. हिवाळ्यात नावा नसतात म्हणून बरंच आहे.


कोस
वसंत, समुद्र उघडला

मेलिन्नाला क्लेनोचा आशीर्वाद, घेणार असशील तर.

उत्तर पाठवू नका म्हणालीस, तरी पाठवते. त्या दिवशी मीकाला मी दारात उभी ठेवली. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं, मग दार उघडलं. तुझ्या पत्र्याला घाबरून मी शरद ऋतूभर वैद्यदेवाच्या पायऱ्या झिजवत होते, आणि तो शाप स्वतःच्या पायांनी माझ्या उंबऱ्यात आला होता.

मी केलं ते का केलं, ते आता लपवून काय करू? आई गेली तेव्हा दामोन चालतही नव्हता. मी त्याला कमरेवर घेऊन माग चालवलाय. मग तू आलीस आणि तो क्निदोसचा झाला. दर उन्हाळ्यात मी वाट पाहिली. तू लिहायचीस, भट्टीचं काम आहे, आन्थिसला खोकला आहे, वारा नीट नाही. तो मीकाला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंच नाही, मेलिन्ना. मी त्याला पाहिलं. तो माझ्या अंगणात बसून मोठ्याने हसला. जिने कोणी तो मला आणून दिला तिला मी खोली दिली असती. कापडही दिलं असतं. तुला दिलं नाही, कारण तू तो नेला होतास.

मीकाला मुलगी झाली. वेळ कठीण गेली, पण दोघी आहेत. कपाळ आणि कान दामोनचे, अगदी तो एवढा होता तेव्हाचे. नाव तिमो ठेवलं, आमच्या आईचं. तुझ्या मुलीला तू तुझ्या आईचं नाव दिलंस, तेव्हा मी काही बोलले नव्हते.

मीका माझ्या मागावर बसते. दामोनबद्दल विचारत नाही. आन्थिस खाते का, एवढं विचारते. मी काय सांगू?


क्निदोस
आर्तामितिओस महिना, वसंत सरता सरता

वन्सं,

तुमचं पत्र आणणारी नाव बंदरात शिरली तेव्हा दामोन तिथे उभा होता. कोसकडून नाव आली की तो भट्टी सोडून जातो, मला म्हणतो मद्याचे कुंभ चढवायला. मी त्याच्या आधी पोचले. थ्रासा म्हणाली, बाई, पळताय कशाला, लोक बघताहेत.

तिथेच, जाळी वाळत घातलेल्या भिंतीशी उभी राहून वाचलं. मग वर पाहिलं तर तो समोर. हात पुढे केला नाही. मी म्हटलं, "मुलगी झाली. दोघी आहेत."

त्याने विचारलं, "कशी दिसते?"

"ते लिहिलं नाही," मी म्हटलं, आणि पत्र कमरेला खोचलं.

तो आता घरी जेवतो. ताट सरकवत नाही. मी त्याचं वाक्य पुरं करत नाही, त्यामुळे आमच्याकडे बरीच वाक्यं अर्धीच राहतात. आन्थिस परवा अचानक म्हणाली, बहीण कधी येणार. तिला हे कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तिला नवे दात आले आहेत आणि ती सगळं खाते. एवढं तुम्ही तिकडे सांगू शकता. तिळाची वडी ती कशी करते तेही विचारून घ्या, माझी मऊ पडते.

उन्हाळ्यात तो येईल तुमच्याकडे. मी अडवणार नाही. पण मीही येईन, आणि आन्थिसही.

तोवर लिहीत राहा. मुलगी रांगायला लागली, बोलायला लागली, की कळवा. पण पत्र माझ्या नावाने धाडा, आणि नावाड्याला बजावा की माझ्याच हातात द्यायचं. त्यातलं किती वाचून दाखवायचं, ते मी ठरवेन.